तिरपा जाणार नाही, मिस्त्री

दिवाळी अंकाचे संपादक वर्ध्याहून मोटारसायकलवर आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातल्या आठवणी लिहा." मी म्हटलं, मी तिसरी नापास. ते म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेऊ. मला ते पटलं नाही. माझ्या हातचं लाकूड मी दुसऱ्याला रंधायला देत नाही, तर माझं बोलणं काऊन देऊ? म्हणून हे मीच लिहिलं आहे. नात शुद्धलेखन पाहायला बसली होती, तिला उठवलं. लिहिताना मी जमेल तितकं शाळेतलं लिहितो, पण माणसं जशी बोलली तशीच ठेवली आहेत. त्यात कोणी हात घालू नये. जन्म केव्हा झाला, लग्न केव्हा झालं, ते लिहिणार नाही. जन्म सगळ्यांचाच झाला आहे, त्यात वाचायचं काय?

मी वाढई, म्हणजे सुतार. सिंदी (रेल्वे) स्टेशनावर उतरून कच्च्या रस्त्याला लागलं की आमचं गाव. दारं केली, चौकटी केल्या, वखर, तिफण, बंडीची चाकं केली. पण माझं नाव झालं नंद्यांवर. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. पोळ्याला बैलांची पूजा होते, हे त्यांना माहीत असतं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. तो पोरांचा पोळा. त्यात बैल लाकडाचे. खाली फळी, फळीला चार चाकं, पुढं ओढायला दोरी. पोरगं आपला नंदी सजवतं, तोरणाखाली नेतं आणि मग घरोघरी फिरवतं. नंदी दारात आला की घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खुशालीचे पैसे नाहीतर खाऊ.

नंदी करणं पाहणाऱ्याला सोपं वाटतं. धड आणि वशिंड एकाच लाकडातून निघालं पाहिजे. वशिंड वेगळं करून चिकटवणारे लोक आहेत. त्यांना मी मिस्त्री म्हणत नाही. शिंगं लावणं अवघड नाही, डोळे अवघड. एका शेतकऱ्याचा बैल साप चावून मेला, त्यानं हुबेहूब त्याच तोंडाचा नंदी मागितला. मी करून दिला. आठवड्यानं त्याची बायको नंदी काखेत मारून परत आली.

"मिस्त्री, हा माह्याकडेच पाहून राह्यला. मी जेवाले बसली का मले घासच उतरत नाई. हा उपाशी दिसते."

मी त्याचे डोळे तासले आणि मिटलेले रंगवले. त्या वर्षी तान्ह्या पोळ्यात एक नंदी झोपेत फिरला. पुढच्या वर्षी तिघांनी येऊन झोपलेलाच मागितला. असं गिऱ्हाईक मी आयुष्यभर पाहिलं आहे. पण मेजरसाहेबांसारखं गिऱ्हाईक नाही.

मेजर भगवंतराव आमच्याच गावचे, कास्तकाराच्या घरचे. पोरगेसे असताना पलटणीत गेले, शिपायापासून चढत चढत मेजर झाले, आणि बांगलादेशची लढाई संपल्यावर दीड-दोन वर्षांत पेन्शनीत गावी आले. मूलबाळ नव्हतं. बायको होती. तिचं नाव काय, हे गावाला ठाऊक नव्हतं. सगळे मेजरीणबाई म्हणत. साहेब उंच नव्हते, जाड नव्हते. सरळ होते. इतके सरळ की खुर्चीची पाठ त्यांनी कधी वापरली नाही. मी त्यांना सागवानाची खुर्ची करून दिली होती, ती पुढून झिजली, मागून नवीच राहिली.

पहिल्या दिवशी ते माझ्या कारखान्यात आले, म्हणजे माझ्या घरापुढच्या निंबाखाली, आणि एका नंदीकडे पाहत उभे राहिले. रागावले की ते हिंदी बोलत, शांत झाले की गावचं.

"ये खडा कैसे है?"

"नंदी हाय, साहेब. उभा हाय."

"सावधान नहीं है, विश्राम भी नहीं है. मागचे पाय पाहा. हा मधातच लटकून राह्यला."

"बैल असाच उभा राह्यते."

"बैल कधी पाह्यला काय, मिस्त्री?"

आता मला राग आला. मी त्यांना माझ्या गोठ्यात नेलं. म्हटलं, हा पाहा बैल. दोघंही बैलासमोर पाटावर बसलो. बैलानं आमच्याकडे पाहिलं, आम्ही बैलाकडे पाहिलं. दुपार कलली. मग बैल खाली बसला.

"बसला," मेजरसाहेब म्हणाले. "आता बोल."

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले आणि आम्ही रोज भांडू लागलो. माझी बायको म्हणायची, "या माणसाले घरी भांडाले कोणी नाई काय?" घरी मेजरीणबाई होत्या, पण त्या ऐकून घ्यायच्या नाहीत, दार लावून घ्यायच्या. म्हणून साहेब माझ्याकडे.

पुढं त्यांनी गावाचा तान्हा पोळाच हातात घेतला. आधी आमच्याकडे सरपंचाच्या घरचा नंदी पुढं असायचा, मानाचा म्हणून. सरपंच नामदेवराव ताडासारखा उंच माणूस. त्याचा धाकटा भाऊही तसाच. दोघंही दारातून वाकून न जाता दाराची चौकट वर करून घेणारे. ती चौकट मीच वर केली होती. मेजरसाहेब म्हणाले, पलटणीत मान नसतो, उंची असते. बुटकं पोरगं पुढं, उंच मागं. सरपंचाचा नातू उंच. तो गेला एकदम शेवटी. तेव्हापासून सरपंच मेजरसाहेबांशी बोलेनासा झाला. साहेबांना ते कळलंच नाही, कारण ते रांगेबाहेरच्या माणसाशी तसंही बोलत नसत.

पोरं नंदी घेऊन तोरणापुढून जाऊ लागली की साहेब ओरडत, "नंदी, दाहिने देख!" पोरं मान वळवत. नंदी लाकडाचा, तो कशी वळवणार? साहेबांनी मला वळणाऱ्या मानेचा नंदी मागितला. मी नाही म्हटलं. आठवडाभर आमचं बोलणं बंद. मग मलाच राहवेना, गुपचूप एक केला. मानेत खुंटी घातली, दोरी ओढली की मान वळे. पण ती फक्त डावीकडे वळे. साहेबांनी पाहिलं, विचार केला, आणि त्या वर्षी सलामी घ्यायला पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. हुकूम मात्र "दाहिने देख" हाच दिला.

गावाचा मोठा नंदीही माझाच. माणसापेक्षा उंच, मारुतीच्या देवळाशेजारी टिनाच्या शेडमध्ये ठेवलेला. खाली लांबरुंद गाडा, बेअरिंगची चाकं. एका वर्षी वळणावर नंदी गाड्यावरून सुटला आणि चिवड्याच्या दुकानात घुसला. साहेब म्हणाले, नंदी आणि गाडा एक झाला पाहिजे. मी चारही पाय फळ्यांतून आरपार घेतले आणि खालून लाकडी खुंट्या मारल्या. साहेब स्वतः गाड्याखाली आडवे होऊन पाहून आले. म्हणाले, "आता ठीक." आयुष्यात तेवढं एकदाच म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. गावात एक म्हातारा वारला. आम्ही दोघं तिरडीच्या मागून चाललो होतो. पुढचा एक खांदेकरी उंच, एक बुटका, मागचे दोघं तिसऱ्याच मापाचे. म्हाताऱ्याचं डोकं एकदा डावीकडे कलंडे, एकदा उजवीकडे. साहेब दात-ओठ खात चालले होते. परत येताना ते माझ्या निंबाखाली बसले.

"मिस्त्री, म्या गाव पाह्यलं. या गावात चार माणसं एका उंचीचे नाईत. तीन भेटतात. चौथा नाई भेटत."

"पोरं वाढून राह्यले ना, साहेब."

"पोरं वाढतात तवरीक तिघं वाकतात. माह्या हिशेबात हे बसत नाई."

मग ते तोफगाड्याचं बोलले. त्यांचा एक मोठा साहेब वारला तेव्हा त्याला तोफेच्या गाड्यावरून नेलं होतं. चार चाकं, खाली सपाट, वर माणूस. हलला नाही, डुलला नाही, सरळ गेला. साहेब म्हणाले, मला तो मिळणार नाही, मी विचारून आलो, तो माझ्यापेक्षा मोठ्यांना असतो. "पण तुह्या नंदीचा गाडा हाय. शब्द दे."

"देला."

"पाणसळ लावून?"

पाणसळ म्हणजे आमची ती लाकडी पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की काम सरळ.

"पाणसळ लावून," मी म्हटलं.

"आडवा जाईन, मिस्त्री. पण तिरपा जाणार नाई."

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पोळा उद्यावर होता. सकाळी साहेब अंगणात खुर्चीवर बसले होते. मेजरीणबाई चहा घेऊन आल्या. घ्या म्हणाल्या, घेतला नाही. पुन्हा म्हणाल्या, तरी नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि आधी मला बोलावलं, डॉक्टरला नंतर. मी गेलो तर त्या उभ्याच होत्या.

"मिस्त्री, पाहा. पाठ टेकली हाय."

पाठ टेकली होती. आणखी काही पाहायची गरज नव्हती.

डॉक्टर येऊन गेला, निरोप गेले, आणि दुपारी पुलगावच्या कॅम्पातून मिलिटरीचा ट्रक आला. ट्रक गावाबाहेर काळ्या मातीत रुतला, तो रुतलाच. एक हवालदार, काही जवान, फुलांचं मोठं गोल चक्र आणि बिगुल, हे सगळं गुडघाभर चिखलातून चालत आलं. हवालदार राजस्थानकडचा, मिशा मोठ्या, माणूस चांगला.

"गाड़ी निकल जाए तो साहब को उसी में ले चलेंगे," तो म्हणाला.

गाडी निघणार नव्हती. बैल लावून काढली असती, पण पोळ्याच्या तोंडावर आमच्याकडे बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. म्हणून बैलबंडीही नाही. उरले खांदे. मी कोणाचं ऐकलं नाही, सरळ देवळाकडे गेलो आणि शेड उघडली. मागोमाग सरपंच आला.

"काय करून राह्यला, मिस्त्री?"

"नंदी काढून राह्यलो."

"मढ्यासाठी?"

"मेजरसाहेबांसाठी."

"परवा तान्हा पोळा हाय. लेकराईचा नंदी. त्याले मसणात नेतं काय? इटाळ होते ना!"

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, मंग नंदी काढून ठेवा अन् नुसता गाडा न्या."

"निघत नाई," मी म्हटलं.

"काऊन निघत नाई?"

"मी केला हाय."

"करवत लाव."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागच्या मागे गर्दीत शिरला. नंदीच्या पायाला करवत लावणारा माणूस त्या गावात नव्हता, आणि मी तर नव्हतोच. सरपंच शेडच्या दारात आडवा उभा राहिला. मी गाड्याची दोरी हातात घेऊन उभा राहिलो. गाव दोन्हीकडे उभं राहिलं. तेवढ्यात मेजरीणबाई आल्या. डोक्यावर पदर, डोळे कोरडे.

"नामदेवभाऊ, नंदी कोणाचा?"

"गावाचा, वहिनी."

"आधी कोणाचा?"

"महादेवाचा."

"महादेव राह्यते कोठी?"

ते उत्तर गावातल्या लेकरालाही ठाऊक आहे. महादेव मसणात राहतो.

"मंग नंदी त्याच्या घरी चालला. त्याले इटाळ कायचा?"

सरपंच बाजूला झाला. पण जाताना म्हणाला, "मी येतो. खांदा देणार नाई."

"तुमचा खांदा कोणी मागतला?" मी म्हटलं. हे बोलायला नको होतं असं तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

गाड्यावर तिरडी ठेवायला जागा एकच होती, नंदीच्या पोटाखाली, चार पायांच्या मधोमध. साहेब तिथं बरोबर मावले, जणू मापानं केलं होतं. युनिफॉर्म घातलेला, बूट चकचकीत. रिवाज असा की टोपी छातीवर ठेवायची. पण छाती आणि नंदीचं पोट यांच्यात टोपीएवढी जागा नव्हती. हवालदार टोपी हातात घेऊन गाड्याभोवती दोनदा फिरला. शेवटी त्यानं ती नंदीच्या वशिंडावर ठेवली. फुलांचं चक्र कुठं ठेवावं, हा दुसरा प्रश्न. तो त्याला पडायच्या आत आमच्या एका म्हातारीनं ते त्याच्या हातून घेतलं आणि नंदीच्या शिंगात घातलं. फार छान बसलं. मी तिरडीच्या लांब बांबूवर, मागच्या टोकाला, पाणसळ बांधली. बुडबुडा मधोमध.

"ये आपके यहाँ का रिवाज है?" हवालदारानं हळूच विचारलं.

"हाँ," मी म्हटलं. "आज से."

निघालो तर समोर पोरं उभी. कोणी सांगितलं नव्हतं. आपापले नंदी घेऊन, बुटकं पुढं, उंच मागं. हवालदारानं ती रांग पाहिली आणि त्याच्या पायाच्या टाचा आपोआप जुळल्या. पोरं पुढं, मोठा नंदी मागं, नंदीखाली साहेब, मागं जवान, मागं गाव. रस्ता मुरमाचा. साहेबांनीच ग्रामपंचायतीच्या मागं लागून लागून घातला होता, तान्ह्या पोळ्याच्या परेडसाठी. चाकं अशी चालली की आवाज नाही.

पण नंदी दारावरून तसाच पुढं जात नाही. पहिल्या घराशी आलो तर बाई तांब्या आणि ताट घेऊन दारात. तिनं नंदीच्या पायावर पाणी घातलं, ओवाळायला ताट उचललं आणि खाली साहेब दिसले. रडायला लागली. रडत रडत ओवाळलं. ओवाळून झाल्यावर सवयीनं बोजारा काढला, आणि तो कोणाला द्यावा हे कळेना. साहेबांना देता येईना, पोरं लांब. तिनं तो हवालदाराच्या हातावर ठेवला. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. हवालदाराचे दोन्ही खिसे भरले. तो बिचारा प्रत्येक घरासमोर सलाम करत चालला होता. त्याला वाटलं, हाही रिवाज.

असं करत गावाच्या टोकाला आलो तेव्हा उन्हं उतरली होती. तिथं मुरूम संपतो आणि मसणवटीचा उतार लागतो, खाली नाल्यापर्यंत. उतार मी रोजचा पाहिलेला. माझा बेत असा की मागून दोर लावून गाडा हळूहळू सोडायचा. पण पुढची चाकं उतारावर आली आणि नंदी पुढं झुकला. वशिंडावरची टोपी घसरली, ती हवालदारानं वरच्यावर झेलली. मी पाणसळीत पाहिलं. बुडबुडा वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "साहेब तिरपे होऊन राह्यले!"

गाडा मागं घेतला. आता हवालदाराचे डोळे चमकले.

"मिस्त्रीजी, अब हमारा काम."

त्यानं चार जवान पुढं काढले. चौघं एका उंचीचे. कानाला कान, खांद्याला खांदा. मी जन्मात पहिल्यांदा एका उंचीची चार माणसं एकत्र पाहिली. साहेब असते तर त्यांच्याकडे पाहत बसले असते. त्यांनी तिरडी उचलली, पावलाला पाऊल जुळवलं आणि उतारावर पाय टाकला. पुढचे दोघं खाली गेले, मागचे दोघं वर राहिले, आणि साहेब बुटांसकट पुढं सरकले. पुढच्या जवानानं बूट धरले म्हणून बरं. नाहीतर साहेब सगळ्यांच्या आधी खाली पोचले असते.

"वापस! वापस!" हवालदार ओरडला.

तिरडी पुन्हा वर आणून जमिनीवर ठेवली. चौघांनी मान खाली घातली. त्यांची चूक काही नव्हती. माणसं सरळ होती, जमीन तिरपी होती.

मी तिरडीशेजारी मांडी घालून बसलो.

"मिस्त्री, ऊठ."

"नाई. शब्द देला हाय. तिरपा नाई नेत."

"अबे, दिवस बुडून राह्यला!"

"बुडू दे."

"घरी बैल वाट पाहून राह्यले, उद्या पोळा हाय!"

"जा मंग बैलापाशी."

मेजरीणबाई बांधावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, त्याईची तुमी जितेपणी एकही गोष्ट आयकली नाई. आता काऊन आयकून राह्यले?"

"जितेपणी भांडता येत होतं, बाई," मी म्हटलं. "आता मी बोललो तं ते उत्तर देत नाई. मंग आयकाच लागते."

इतका वेळ बाजूला हात बांधून उभा असलेला सरपंच पेटला.

"दोन येड्याईच्या मधात सारं गाव उभं हाय! एक मेला, अन् एक हालत नाई! सरक!"

त्यानं आपल्या भावाला हाक मारली, दोघा ताडांनी तिरडीचे पुढचे बांबू खांद्यावर घेतले आणि उताराकडे निघाले. मागचा भाग जमिनीवर फरफटत. मी धावलो. एक बांबू मी धरला, दुसरा किसनानं. किसना आमच्या गावचा दाढी करणारा, साहेबांची रोज सकाळची दाढी त्याचीच. मी बुटका, किसना माझ्याहून बुटका. आम्ही खांदा लावला तो सरपंचाला मागं ओढायला.

"थांब, नामदेवराव! थांब म्हणतो ना!"

तो थांबला नाही. उतारावर चार पावलं गेला. मी शिव्या देणार तेवढ्यात माझं लक्ष पाणसळीवर गेलं. ती माझ्या नाकासमोरच होती. बुडबुडा मधोमध उभा.

"मधात!" मी ओरडलो.

"काय मधात?"

"बुडबुडा! चाल! थांबू नोको!"

"आता तं थांब म्हणत होता ना बे!"

"तवा तिरपा होता! आता सरळ हाय! चाल, नामदेव, असाच चाल!"

त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा नुसतं नामदेव म्हटलं, आणि त्यानंही ऐकून घेतलं. पुढं खाली दोन ताड, मागं वर दोन बुटके. त्या उताराला आमचीच मापं बसली होती. साहेब असे चालले की बुटाचं टोक हललं नाही. हवालदार बाजूनं चालत सारखा नळीत वाकून पाहत होता आणि "वाह, वाह" करत होता. पोरांनी आपले नंदी वरच ठेवले आणि चिखलातून शेजारी शेजारी उतरली. कोणी बोलत नव्हतं. फक्त मी बोलत होतो, "मधात. मधात. किसना, वर घे जरा. मधात."

आणि मग नाला आला. नाल्याकाठी जमीन सपाट.

"नामदेवराव, सपाट आलं!" मी म्हटलं. बुडबुडा सरकायला लागला होता. सरणाला अजून अंतर होतं.

हवालदार तयारच होता. त्यानं चौघा जवानांना दोन्ही बाजूंनी आणून उभं केलं. "सरपंच साहब, अब बदली कर लो. यहाँ हमारे लड़के ठीक रहेंगे."

"हात नोको लावू," सरपंच म्हणाला.

"लेकिन साहब तिरछे हो रहे हैं!"

मी मागून फक्त सरपंचाची पाठ पाहत होतो. आमदारासमोर न वाकणारा, देवळातही उभ्यानंच हात जोडणारा तो माणूस. त्यानं दोन्ही गुडघे वाकवले.

"वाक बे," तो भावाला म्हणाला.

"अजून?"

"मिस्त्री सांगन तवरीक."

मी सांगत राहिलो. थोडा खाली. अजून. बस. बुडबुडा मधोमध आला. आणि ते दोघे ताड गुडघ्यात अर्धे बसून, धोतरं चिखलात लोळवत, बदकासारखे सरणापर्यंत चालत गेले. बिगुलवाला बिगुल ओठाला लावून तसाच पाहत राहिला, वाजवायचं विसरला. हवालदारानं त्याला कोपर मारलं तेव्हा वाजवलं. मेजरीणबाईंनी पदर तोंडात धरला होता. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. माझा डोळा नळीवर होता.

साहेब सरळ गेले. मी ते सगळ्यांसमोर सांगतो, ज्याला शंका असेल त्यानं गावात येऊन विचारावं.

त्या संध्याकाळी आमच्याकडे घरोघरी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांदे धरलेले असतात, त्यांना हळद-लोणी चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. मी आंघोळ करून सरपंचाच्या घरावरून चाललो होतो. अंगणात त्याची जोडी बांधलेली, खांद्याला पिवळं लावून झालेलं. बाजेवर सरपंच बसला होता, पाय लांब केलेले, धोतर वर. त्याची बायको त्याच वाटीतलं हळद-लोणी त्याच्या गुडघ्यांना चोळत होती.

"काय पाह्यतं?" सरपंच म्हणाला.

"कायी नाई."

त्यानं दुसरा गुडघा बायकोपुढं केला.

"शेवटवरी मधात होता ना?"

"होता."

"मंग जा घरी," तो म्हणाला, आणि बायकोला म्हणाला, "जरा जोरानं चोळ."